खाली ‘साभार’ लिहिले होते, तरी चोरीचा आरोप का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनात आलेले, आवडलेले लेख आणि कविता तुम्ही काही वर्षांपासून आंतरजालावरच्या तुमच्या संकलनात पूर्णच्या पूर्ण देत आला आहात. त्यातून एक पैसाही मिळवत नाही. प्रत्येक लेखाखाली ‘साभार’ लिहिता, लेखकाचे नाव ठाऊक असेल तर तेही देता. तरी एका लेखिकेने जाहीरपणे वाङ्मयचौर्याचा आरोप केला, इतरांनी तिची री ओढली. नाव दिलेले असताना ही चोरी कशी आणि आता करायचे काय, असे तुम्ही विचारले आहे.

तुम्ही चोर आहात की नाही हे तूर्त बाजूला ठेवू आणि आधी गुंता सोडवू. इथे दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत अडकल्या आहेत. पहिली नावाची: दुसऱ्याचे लेखन तुमचे म्हणून, किंवा तुमचे वाटेल अशा रीतीने, लोकांपुढे आले का? हे वाङ्मयचौर्य. दुसरी परवानगीची: लेखन ज्याच्या हक्काचे, त्याला विचारले होते का? हा प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या कवीची कविता कोणी स्वतःच्या नावावर खपवली तर प्रताधिकाराचा प्रश्न उरलेला नसतो, चौर्य मात्र निखालस असते. उलट हयात लेखिकेचा पूर्ण लेख तिच्या ठळक नावासह, पण न विचारता छापला, तर ते चौर्य नाही, अधिकारभंग आहे. भांडण पेटते ते इथेच. ती म्हणते, ‘माझा लेख घेतला.’ तुम्ही म्हणता, ‘नाव दिले होते.’ ती परवानगीबद्दल बोलते आहे, तुम्ही नावाबद्दल. दोघेही खरे बोलता आणि वाद मात्र चिघळत जातो.

तुमच्या बाबतीत दुसरी तक्रार बहुधा पूर्ण खरी आहे. पहिली तुम्हाला वाटते तितकी खोटी नाही.

त्या ‘साभार’चे काय झाले ते पाहा. तो शब्द लेखाच्या शेवटी होता. वर, शीर्षकाखाली, संकेतस्थळाच्या प्रणालीने आपोआप तुमचे नाव टाकले असणार, कारण मजकूर चढवणारे तुम्ही. शीर्षकाखाली जे नाव, त्याचा लेख, ही वाचकाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तो तुमचे नाव वाचतो, लेख वाचतो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलाच तर तिथे एक मोघम शब्द पाहतो. कोणी दुवा पुढे पाठवला की सोबतच्या चौकटीत शीर्षक, चित्र आणि पहिल्या दोन ओळी जातात, ‘साभार’ जात नाही. कोणी मजकूर उचलून कायप्पावर (व्हॉट्सअ‍ॅपवर) टाकला की शेवटची ओळ सगळ्यात आधी गळते. आणि खाली प्रतिक्रिया येते, ‘किती सुंदर लिहिलंय तुम्ही!’ त्याला तुम्ही ‘धन्यवाद’ म्हणून हात जोडले असतील, तर आरोप करणाऱ्याच्या हाती त्याहून मोठा पुरावा लागत नाही. त्या कौतुकाला एकच उत्तर योग्य: ‘लेख माझा नाही, अमुक यांचा आहे.’ दर वेळी, न कंटाळता.

शिवाय ‘साभार’ हा शब्द एकटा असला की अर्धवट असतो. आभार कोणाचे? ‘आंतरजालावरून साभार’, ‘गूगलवरून साभार’ म्हणजे पत्र आवडले म्हणून टपालपेटीचे आभार मानण्यासारखे. (संपादक नाकारलेले हस्तलिखित ‘साभार परत’ पाठवत, तिथे निदान आभार कोणाचे हे तरी स्पष्ट असे.) ‘संकलन’ हा शब्द बरा, पण ‘संकलन: तुमचे नाव’ एवढेच असेल तर लेखकाची जागा रिकामीच राहते. ‘शब्दांकन’ तर अजिबात वापरू नका. त्याचा अर्थ दुसऱ्याचे बोलणे तुम्ही लिहून काढले, म्हणजे वाक्ये तुमची, असा होतो.

नाव देण्याची नीट पद्धत अशी. शीर्षकाच्या लगेच खाली, मजकूर सुरू होण्याआधी, लेखकाचे पूर्ण नाव. मग पूर्वप्रसिद्धी: नियतकालिक किंवा पुस्तक, महिना आणि वर्ष. मूळ लेख जालावर असेल तर त्याचा दुवा. मग परवानगी कोणी, कोणत्या तारखेला दिली. अनुवाद असेल तर मूळ लेखक, मूळ भाषा आणि अनुवादक, तिघांचा उल्लेख. लेखकाचे नाव शीर्षकातही घाला, कारण शीर्षक सगळीकडे सोबत जाते. आणि प्रणाली तुमचे नाव लेखक म्हणून छापत असेल तर ती सोय बंद करा, किंवा त्या जागी मूळ लेखकाचे नाव येईल असे करा. दोन मिनिटांचे काम आहे, पण नावावरून होणारे बरेचसे आरोप इथेच थांबतात.

आता आरोप झालेला आहे, तर पहिल्या दिवसात काय करायचे.

जाहीर उत्तर लगेच देऊ नका. आधी पुरावा जपा: तुमचे पान आज जसे दिसते तसे तारखेसकट चित्र काढून ठेवा, प्रतिक्रियांसह. मजकूर कधी चढवला, कुठून घेतला, मूळ दुवा किंवा निरोप अजून आहे का, हे एका कागदावर लिहा. मग लेखिकेचा मूळ लेख आणि तुमच्याकडचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून ओळीने वाचा. नुसते सारखे शब्द मोजू नका, सारख्या चुका शोधा. तोच मुद्रणदोष, तेच चुकलेले साल, तीच विचित्र परिच्छेद-मोडणी दोन्हीकडे असेल तर मजकूर तिथूनच आला, यात वाद उरत नाही. दोघे जण स्वतंत्रपणे एकच बरोबर वाक्य लिहू शकतात, पण एकाच जागी एकच चूक क्वचितच करतात. उलट तुमच्याकडे परिच्छेद गाळलेले किंवा शेवट बदललेला आढळला, तर ती तिसरी तक्रार होऊ शकते आणि ती बरेचदा लेखकाला सगळ्यात जास्त झोंबते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५७ प्रमाणे लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा हक्क असतो. प्रताधिकार दुसऱ्याला विकला तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो.

मग मजकूर लोकांना दिसणार नाही असा करा, पण पुसून टाकू नका. पुसले की तुमच्याकडचा पुरावाही जातो आणि समोरच्याला वाटते की लपवाछपवी चालू आहे. पानाच्या पत्त्यावर दोन ओळींची टीप राहू द्या: ‘इथे अमुक यांचा लेख त्यांच्या परवानगीशिवाय दिला होता. त्यांच्या तक्रारीनंतर अमुक तारखेला काढला आहे. मूळ लेख इथे वाचा.’ गुपचूप काढलेल्या लेखाची जुनी प्रत कोणीतरी दाखवतोच. टीप असली की त्या प्रतीतला दंश जातो.

यानंतर लेखिकेला खासगी पत्र. मजकूर साधारण असा असावा:

‘आपला “…” हा लेख मी अमुक तारखेला माझ्या संकलनात पूर्ण प्रसिद्ध केला होता. तो मला अमुक ठिकाणी मिळाला. आपली परवानगी घेतली नव्हती, आणि आपले नाव शेवटी असल्याने लेख माझा वाटावा अशी मांडणी झाली होती. दोन्ही चुका माझ्या आहेत. लेख आज काढला आहे आणि त्या जागी तसे नमूद केले आहे. माझ्या पानावरून तो जिथे पुढे गेल्याचे मला ठाऊक आहे, तिथेही आपले नाव आणि मूळ दुवा कळवला आहे. आणखी काही करावे असे आपल्याला वाटत असल्यास कळवावे.’

एवढेच. ‘अनवधानाने’, ‘आपल्या भावना दुखावल्या असल्यास’, ‘माझा हेतू फक्त साहित्यसेवेचा’ यातले काहीही नको. पहिला शब्द जबाबदारी झटकतो, दुसरा दोष वाचणाऱ्याच्या हळवेपणावर ढकलतो, तिसरा उपकाराची भाषा बोलतो. ‘उलट तुमचा लेख जास्त लोकांपर्यंत पोहोचला’ हे वाक्य तर तोंडातही आणू नका. लेख कोणापर्यंत, कुठे, कधी पोहोचावा हे ठरवण्याचा अधिकारच तिचा होता. कदाचित तो तिच्या पुस्तकात यायचा असेल, आणि संपादक ‘अप्रकाशित’ किंवा ‘इतरत्र उपलब्ध नसलेला’ मजकूर मागत असेल. तुमच्या पानामुळे तिचे काय नुकसान झाले हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही.

पत्राच्या जागी वकिलाची नोटीस आली असेल तर मात्र वरचे पत्र पाठवू नका. मजकूर काढा, पुरावा जपा आणि उत्तर वकिलामार्फतच द्या. कबुलीची वाक्ये पुढे तुमच्याविरुद्ध वाचली जाऊ शकतात.

तक्रार थेट तुमच्या पानाला जालावर जागा पुरवणाऱ्या कंपनीकडेही जाऊ शकते. कंपनी अमेरिकेतली असेल तर जालावरच्या प्रताधिकारभंगाबद्दलचा तिथला १९९८ चा डीएमसीए कायदा लागू होतो: सूचना आली की कंपनी मजकूर काढते, तुम्ही प्रतिसूचना दिली आणि तक्रारदाराने दावा दाखल केला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावते. प्रतिसूचना शपथेवर असते, तेव्हा ‘बघू तरी’ म्हणून ती देऊ नका. पुन्हा पुन्हा सूचना आल्या तर खातेच बंद होते. भारतात तक्रार लेखी द्यावी लागते, मजकूर ३६ तासांत रोखायचा असतो, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो.

पैसे मिळवत नाही, या मुद्द्याबद्दल. तो बचाव म्हणून चालत नाही. भंग झाला की नाही हे नफ्यावर ठरत नाही. नफ्याचा प्रश्न फार तर शिक्षा आणि भरपाईच्या वेळी येतो. भारतीय कायद्यात जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय खास कारणे नोंदवून त्याहून कमी शिक्षा देऊ शकते. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. एकट्यादुकट्याच्या संकलनाचे प्रकरण लेख वेळेवर काढला आणि नीट पत्र गेले की सहसा तिथेच मिटते. पण ‘मी कुठे पैसे घेतो’ हे वाक्य जाहीर उत्तरात लिहून तुमची बाजू मजबूत होत नाही, एवढे लक्षात असू द्या. ‘सर्व हक्क राखीव’ असे छापलेले नव्हते, हेही चालत नाही. बर्न करार हा प्रताधिकाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार; त्यातील देशांत लेखन झाले की हक्क आपोआप लागू होतो, नोंदणी किंवा खूण लागत नाही.

आरोप चुकीचाही असू शकतो. तक्रार करणारी व्यक्ती मूळ लेखक नसेल, तुम्ही हक्कदाराची परवानगी घेतलेली असेल, लेखन प्रताधिकारमुक्त असेल, किंवा दोघांनीही तिसऱ्याच जुन्या स्रोतातून माहिती घेतली असेल. निव्वळ कल्पना किंवा माहिती कोणाच्या मालकीची नसते, तिची मांडणी असते. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या निकालात हेच सांगितले. मात्र इथे कायदा आणि वाङ्मयीन शिष्टाचार यांची वाट वेगळी होते. दुसऱ्याचा नेमका युक्तिवाद, त्याने शोधून काढलेली उदाहरणे त्याच क्रमाने घेऊन फक्त शब्द बदलले, तर कायद्यात कदाचित सुटाल, जाणत्या वाचकांच्या नजरेत नाही. उत्तर देताना ‘माझ्यावर अन्याय’ हा सूर नको. तारीख, दुवा आणि परवानगीचे पत्र समोर ठेवा, आणि तिथे थांबा.

आता पुढचे. परवानगी कोणाकडे मागायची, हे परिस्थितीवर फार अवलंबून असते आणि बहुतेकांची चूक इथे होते. मासिकात लेख छापला म्हणजे तो मासिकाचा झाला असे नाही. बाहेरच्या लेखकाने पाठवलेल्या लेखाचे हक्क, त्याने लेखी हस्तांतर केलेले नसेल तर, त्याच्याकडेच राहतात. पगारी पत्रकाराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या लेखाचे, वेगळा करार नसल्यास, नियतकालिकात छापण्याचे हक्क मालकाचे आणि बाकीचे पत्रकाराचे. हस्तांतर लेखीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या लेखासाठी आधी लेखकाला विचारा आणि ‘हे हक्क सध्या कोणाकडे आहेत’ हा प्रश्न पत्रातच घाला. पुस्तक असेल तर प्रकाशकालाही विचारा. अनुवादाला दोन परवानग्या लागतात, मूळ लेखकाची आणि अनुवादकाची. मूळ लेखक प्रताधिकारमुक्त झाला तरी कालचा अनुवाद मुक्त होत नाही. लेखासोबतचे छायाचित्र किंवा रेखाचित्र हे तिसऱ्याचे काम असते, ते लेखाच्या परवानगीत येत नाही. आणि तुम्ही स्वतः अनुवाद करून दिला तरी विचारावे लागतेच, अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा असतो.

फोनवरचे ‘हो हो, टाका की’ पुरत नाही. त्या माणसाची दानत खोटी असते म्हणून नव्हे. सहा महिन्यांनी दोघांच्या आठवणी वेगळ्या होतात म्हणून. फोन झाला असेल तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आपले बोलणे झाले त्याप्रमाणे…’ आणि उत्तर मागवा. पत्रात या गोष्टी हव्यात: लेखाचे नाव, पूर्ण देणार की उतारा, कुठे प्रसिद्ध होणार, किती काळ, काही संपादन करणार का (शुद्धलेखन दुरुस्त करणे हेही संपादनच), शीर्षक बदलणार का, ध्वनिमुद्रण किंवा छापील प्रत काढणार का, मानधन असल्यास किती, नसल्यास तसे स्पष्ट, आणि ‘आपण सांगाल तेव्हा इतक्या दिवसांत काढून टाकू’. शेवटचे वाक्य फार उपयोगी पडते. अडून बसलेले लेखकही त्या आश्वासनावर होकार देतात. दोन आठवडे थांबा, एक आठवण पाठवा. तरी उत्तर नाही आले तर उत्तर ‘नाही’ आहे. मौनं संमतिलक्षणम् हे सभेत चालत असेल, इथे चालत नाही.

मृत लेखकांबाबत गणित करावे लागते. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२५ ला मुक्त झाले. आधी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये वारले, १९९१ च्या अखेरीस त्यांचे साहित्य मुक्त होणार होते, आणि त्याच सुमारास मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. बर्न करारात किमान ५० वर्षांचे बंधन आहे, युरोपीय संघात ७० वर्षे आहेत, अमेरिकेत जुन्या प्रकाशनांना वेगळे नियम आहेत. म्हणून भारतात मुक्त झालेले लेखन दुसऱ्या देशात अजून प्रताधिकाराखाली असू शकते. लेखक वारल्यानंतर प्रथमच छापली गेलेली पत्रे आणि रोजनिश्या यांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. टोपणनावाच्या लेखनाचीही तशीच, पण खरे नाव त्या काळात उघड झाले तर पुन्हा मृत्यूपासून. आणि जुन्या कवीच्या मुक्त कवितांची नवी संपादित आवृत्ती हाती असेल तर त्यातली प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या आहेत. कविता घ्या, टिपा सोडा.

परवानगीशिवाय किती घेता येते, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढे विचारालच. ‘दहा टक्के चालतात’, ‘शंभर शब्द चालतात’ असे आकडे फिरतात. असा आकडा भारताच्या किंवा अमेरिकेच्या कायद्यात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ मध्ये जे प्रकरण आले त्यात एका नियतकालिकाने माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सुमारे दोन लाख शब्दांच्या हस्तलिखितातून जेमतेम तीनशे शब्द जसेच्या तसे घेतले होते, आणि तरी ते न्याय्य ठरले नाही. पुस्तक तेव्हा प्रसिद्ध व्हायचे होते आणि घेतलेले शब्द नेमके त्याच्या गाभ्याचे होते. भारतीय कायद्यात टीका, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त आणि खासगी अभ्यास यांसाठी रास्त वापराला मुभा आहे. लेखन आधी रीतसर प्रसिद्ध झालेले असेल तर बर्न करारही अवतरणाला मुभा देतो, तीन अटींवर: उद्देशापुरतेच घ्या, रिवाजाला धरून घ्या, स्रोत आणि नाव द्या.

माझी कसोटी वेगळी आणि सोपी आहे. तुमच्या मजकुरातून सगळी अवतरणे काढून टाका. उरलेले स्वतःच्या पायावर उभे राहते का? राहत असेल तर अवतरणे आधाराला होती. कोसळत असेल तर तुम्ही दुसऱ्याच्या लेखाला चौकट लावली होती. दुसरी कसोटी: तुमचे वाचून झाल्यावर वाचकाला मूळ लेखाकडे जायचे कारण उरते का? हजार-दीड हजार शब्दांच्या लेखातून मी एक परिच्छेद, फार तर शंभरेक शब्द, तोही चर्चेसाठी, इतक्यावर थांबतो. हा कायदा नव्हे, सवय आहे. कवितेत जपून. चार ओळींच्या कवितेतल्या चारही ओळी घेतल्या तर पूर्ण कलाकृतीच घेतली.

तुमच्यासारख्या संकलकाला खरे तर यातच मोकळीक आहे. पूर्ण लेख देण्याऐवजी दीडदोनशे शब्दांचा परिचय लिहा: लेख कुठे, कधी आला, लेखकाचा मुद्दा काय, तुम्हाला तो का पटला किंवा का खटकला, एक उतारा, आणि दुवा. यात परवानगी लागत नाही, लेखक खूश असतो, आणि ‘सुंदर लिहिलंय’ ही दाद निदान काही अंशी तुमची असते.

क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे लेखकाने काही अटींवर सर्वांना आधीच दिलेला खुला परवाना; त्याखालचे लेखन विचारल्याशिवाय घेता येते, पण अटी वाचा. नाव, स्रोत, परवान्याचे नाव आणि त्याचा दुवा, तसेच काही बदल केला असेल तर तो, हे सगळे द्यावे लागते. ‘एनडी’ (बदल नको) असेल तर संक्षेप किंवा अनुवाद प्रसिद्ध करता येत नाही, ‘एनसी’ (व्यापारी वापर नको) असेल तर जाहिराती लावलेल्या पानावर देणे धोक्याचे, ‘एसए’ (त्याच अटींवर पुढे द्या) असेल तर तुमची सुधारित आवृत्ती त्याच परवान्याखाली जाते. विकिपीडियावरचा मजकूर या शेवटच्या प्रकारातला आहे. चूक झाली तर ४.० आवृत्तीत एक सवलत आहे: भंग लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केला की परवाना आपोआप पूर्ववत होतो.

राहिली ढकलपत्रे, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे ढकलले जाणारे ‘फॉरवर्ड’. ‘लेखक माहीत नाही, पण छान आहे’ या ओळीसह आलेला मजकूर कोणीतरी लिहिलेला असतोच, आणि तो माणूस बहुधा हयात असतो. शोधायची रीत: मजकुराच्या मधून सात-आठ सलग शब्द घ्या, ज्यात एखादा कमी वापरातला शब्द असेल, आणि अवतरणचिन्हांत घालून शोधा. सुरुवात घेऊ नका, ढकलणारे सुरुवातच बदलतात. सापडले नाही तर ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बदलून पुन्हा शोधा, मराठीत बरेचदा फरक तिथे पडतो. सापडलेल्या प्रतींत सर्वांत जुनी तारीख पाहा, पण तीच मूळ असे धरू नका, कारण जुना छापील लेख जालावर उशिरा आलेला असू शकतो. खाली एखाद्या नामवंताचे नाव चिकटवलेले असेल तर जास्त सावध राहा. त्या लेखकाच्या पुस्तकात ते सापडत नाही तोवर ते नाव पुढे करू नका, खोटे श्रेय देणे हाही खऱ्या लेखकावरचा अन्यायच. लेखक सापडलाच नाही तर पूर्ण मजकूर देऊ नका. ‘अनामिक’ हा लेखक नसतो.

आणि जुना साठा. आज एकीने तक्रार केली, उद्या दुसरा करेल, म्हणून सगळा साठा एकदा चाळावाच लागेल. एक तक्ता करा: शीर्षक, लेखक, कुठून घेतले, लेखक हयात की केव्हा वारला, परवानगी आहे का, अनुवाद किंवा चित्र आहे का. ज्यांच्यापुढे परवानगीचा रकाना रिकामा आणि लेखक हयात, किंवा वारला असला तरी हक्काची मुदत संपलेली नाही, ते सगळे आजच लपवा. पत्रे नंतर पाठवा, होकार येईल तसे एकेक परत लावा. क्रम लावायचा तर कविता आधी, कारण त्या पूर्णच घेतलेल्या असतात. मग गेल्या दोन-तीन वर्षांतले लेख, त्यांचे लेखक ते अजून इतरत्र छापत असतात. मुक्त झालेल्या लेखकांचे लेखन शेवटी, त्यात फक्त नाव वर आणणे आणि आवृत्ती नोंदवणे एवढेच काम असते. आलेले होकार, नकार आणि निरुत्तर राहिलेली पत्रे एकाच ठिकाणी, लेखाच्या नावाने जपा. नकार आलेल्या लेखाच्या जागी परिचय आणि दुवा ठेवता येतो, त्यासाठी पुन्हा विचारायची गरज नाही.